लहान मुलाचा नकार आणि अन्नाचा मान

दीड ते सहा वर्षांच्या दरम्यान बरीच मुले खाण्याच्या बाबतीत हट्टी होतात. महिन्याभरापूर्वी आवडीने खाल्लेला मऊ भात थुंकतात, भाजीतला हिरवा तुकडा बोटाने वेचून बाजूला काढतात, घास गालात धरून बसतात आणि चार ठरावीक पदार्थांपलीकडे काहीच नको म्हणतात. घरोघरी याला खाण्याचे नखरे म्हणतात. आईवडील या वागण्याकडे एका नजरेने पाहतात आणि बालरोगतज्ज्ञ दुसऱ्या. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. पण त्या दोन्ही म्हणण्यांखाली एक प्रश्न दडलेला असतो आणि तो आहारशास्त्राच्या कक्षेत मावत नाही. ज्याला अजून नीट बोलता येत नाही, स्वतःचे हित कळते असे ज्याच्याबद्दल कोणी मानत नाही, त्याच्या 'नको'ला किती किंमत द्यायची? आणि अन्नाला देव मानणाऱ्या घरात ते अन्न नाकारणाऱ्या मुलाच्या हातून काही अपराध घडतो का?

आईवडिलांच्या दृष्टीने मुलाला जेवू घालणे हे प्रेमाचे सर्वांत उघड रूप आहे आणि दिवसातून तीन-चार वेळा त्याची परीक्षा होते. बाळाच्या अंगावर बाळसे असले की आईचे कौतुक होते. मूल काटकुळे असले की 'खातपीत नाही का हो?' हा प्रश्न आईलाच विचारला जातो, वडिलांना क्वचितच. उष्टावणाच्या दिवशी मामाच्या मांडीवर बसवून खिरीचे पहिले बोट चाटवतात, तेव्हापासून मुलाचे खाणे ही साऱ्या घराची बाब होते आणि त्यातले अपयशही चारचौघांसमोर दिसते. चिऊकाऊचे घास, खिडकीतून दाखवलेला कुत्रा, मीठ-मोहऱ्यांनी काढलेली दृष्ट आणि हल्ली ताटाशेजारी उभा केलेला मोबाइल, हे सारे उपाय एकाच भीतीपोटी होतात. मूल असेच खात राहिले तर खंगेल, ही ती भीती. तिला निराधार म्हणता येणार नाही. ज्या आजीने १९७२ च्या दुष्काळात सुकडीवर दिवस काढले, तिला पानात राहिलेला भात नुसता उरलेला भात दिसत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३५ टक्क्यांहून अधिक मुले वयाच्या मानाने खुजी आढळली. भुकेची आठवण आणि भुकेचे वास्तव अशी दोन्ही या समाजात अजून जवळ आहेत.

या भीतीला आणखी एक बाजू आहे. पहाटे उठून केलेले धिरडे मुलाने न चाखताच ढकलले की आईला ते स्वतःला ढकलल्यासारखे लागते. मुलाने पदार्थ नाकारलेला असतो, पण घरात ऐकू येतो तो नात्याचा नकार. जेवणाच्या वेळेचे रडणे, धाक, लाडीगोडी आणि शेवटी पाठीत बसणारा धपाटा यांचे मूळ पुष्कळदा पोषणाच्या चिंतेपेक्षा या दुखावलेपणात असते.

बालरोगतज्ज्ञ याच मुलाची गोष्ट वजनकाट्यापासून आणि वाढीच्या आलेखापासून वाचायला सुरुवात करतो. जन्मतः तीन किलोचे बाळ पाच महिन्यांच्या सुमारास दुप्पट होते आणि वर्षाचे होताना नऊ किलोंच्या घरात पोचते, म्हणजे पहिल्या वर्षात सहा किलो कमावते. दुसऱ्या वर्षात ही कमाई अडीच-तीन किलोंवर येते आणि पुढे वर्षाला दोन किलोंच्या आसपास राहते. पहिल्या महिन्यात शरीराला लागणाऱ्या ऊर्जेपैकी एक तृतीयांशाहून अधिक ऊर्जा वाढीवर खर्च होते. वर्ष भरता भरता हा वाटा काही टक्क्यांवर उतरतो. वाढ मंदावली की भूकही त्या मानाने कमी होते. मुलाने अचानक जेवण सोडल्यासारखे आईला वाटते, तेव्हा बहुधा त्याच्या शरीराने मागणी कमी केलेली असते. सुश्रुतसंहितेत बालपणाचे तीन टप्पे आहेत. वर्षापर्यंत मूल दुधावर, दोन वर्षांपर्यंत दूध आणि अन्न अशा दोन्हींवर आणि त्यानंतर अन्नावर. खाण्याचे स्वरूप पालटण्याचे हे वय जुन्या वैद्यांनीही हेरले होते.

याच वयात मूल चालू लागते, हाताला लागेल ते तोंडात घालण्याइतके मोकळे होते आणि नेमकी तेव्हाच अनोळखी पदार्थांची धास्ती बळावते. साधारण दोन ते सहा या वयात ती सर्वांत तीव्र असते. उत्क्रांतीच्या अंगाने विचार करणारे अभ्यासक तिला संरक्षक मानतात, कारण अनेक प्रकारचे अन्न पचवू शकणाऱ्या प्राण्याला प्रत्येक नव्या पाल्यात पोषण आणि विष या दोन्ही शक्यता दिसतात. नवजात बाळसुद्धा गोडाला ओठ चाटते आणि कडूला तोंड वाकडे करते. ब्रिटनमध्ये जुळ्या मुलांच्या पाच हजारांहून अधिक जोड्यांचा अभ्यास झाला आणि तो २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. नव्या पदार्थांच्या धास्तीत मुलामुलांमध्ये जो फरक दिसतो, त्यातला सुमारे ७८ टक्के भाग आनुवंशिकतेशी निगडित असल्याचे त्यात आढळले. एकाच घरातले एक मूल कारले चाखून पाहते आणि दुसरे दुधीलाही हात लावत नाही, याला आईने लावलेले किंवा न लावलेले वळण फारसे कारण नसते. ही माहिती प्रत्येक घरात पोचायला हवी, कारण तिच्याअभावी आईला रोज जो बोल लावला जातो तो अन्यायाचा आहे.

आलेख ठीक असला की डॉक्टर 'काळजी करू नका, भूक लागली की खाईल' असे सांगतात. बहुतेक मुलांच्या बाबतीत हे खरे ठरते. तरीही आईचे समाधान होत नाही आणि त्यात तिच्या समजुतीचा दोष नसतो. डॉक्टर महिन्यांचा हिशेब मांडतात, आईच्या समोर आत्ताचे जेवण असते. डॉक्टर शरीराविषयी बोलतात आणि आईला कर्तव्याविषयी विचारायचे असते. मूल न जेवता उठले तेव्हा आपण काय करायला हवे होते, हा तिचा प्रश्न अनुत्तरित राहतो आणि मग ती औषध मागते. भूक वाढवणारी म्हणून दिल्या जाणाऱ्या सिरपांपैकी अनेकांत सायप्रोहेप्टाडीन असते. ते मूळचे अ‍ॅलर्जीवरचे औषध आहे, त्याने गुंगी येते आणि ते थांबवले की भूक बहुधा पहिल्यासारखी होते. लिटरभर दूध पिणाऱ्या मुलाचे दूध निम्म्यावर आणणे, जेवणाआधीची बिस्किटे बंद करणे, रक्तातले लोह तपासणे आणि जंतांचे औषध देणे यांनी पुष्कळ अधिक साधते. दुधाने पोट भरते पण लोह मिळत नाही, आणि लोह कमी पडले की भूक आणखी मरते. हे दुष्टचक्र शहरातल्या सुखवस्तू घरांतही सर्रास दिसते.

वैद्यकाला जिथे थांबावे लागते तिथे धर्मविचार बोलू लागतो. महाराष्ट्रात जेवणाआधी अन्नाला पूर्णब्रह्म म्हणणारा श्लोक शाळांतून आणि घरांतून म्हटला जातो. अन्नाला नावे ठेवू नयेत, पानात टाकू नये, हे संस्कार त्याच धारणेतून येतात. या धारणेचा जुना आधार तैत्तिरीय उपनिषदाच्या भृगुवल्लीत सापडतो. वरुणाचा पुत्र भृगू तप करून ब्रह्म शोधतो तेव्हा त्याला प्रथम अन्न हेच ब्रह्म असे उमगते आणि तिथून तो प्राण, मन, विज्ञान आणि आनंद अशा पायऱ्या चढतो. पुढे अन्नाविषयीची व्रते येतात. अन्नाची निंदा करू नये, त्याचा अव्हेर करू नये, ते पुष्कळ निर्माण करावे आणि आसऱ्याला आलेल्या कोणालाही परत पाठवू नये. ही व्रते कोणाला सांगितली आहेत, हे पाहण्यासारखे आहे. व्रत घेणारा माणूस समजता असावा लागतो. शिवाय चारांपैकी शेवटची दोन व्रते पिकवणाऱ्याची आणि वाढणाऱ्याची आहेत. दोन वर्षांच्या मुलाने पालकाची वाटी ढकलली तर ती अन्नाची निंदा होत नाही, कारण निंदेला लागणारा हेतू त्या वयात नसतोच. या उपनिषदाच्या आधाराने अन्नाचा मान राखण्याची जबाबदारी कोणावर टाकायचीच असेल तर ती वाढणाऱ्यावर पडते. त्याने थोडे वाढावे, मागितल्यास पुन्हा वाढावे आणि उरलेले वाया जाऊ देऊ नये.

'तिकडे मुलांना खायला मिळत नाही आणि तू टाकतोस' हे वाक्य ज्या घरात उच्चारले जाते तिथे त्यामागची कळकळ खरी असते. युक्तिवाद म्हणून मात्र ते टिकत नाही. पोट भरलेल्या मुलाच्या घशाखाली उतरवलेल्या घासाने मेळघाटातल्या मुलाची भूक भागत नाही. भुकेला उपनिषदाने दिलेले उत्तर पिकवण्याचे आणि वाटण्याचे आहे. जे देणे मोठ्यांनी समाजाला द्यायचे ते लहानाच्या पोटातून वसूल करण्याला त्यात कोठेही आधार नाही.

धर्मशास्त्र या बाबतीत रूढ समजुतीपेक्षा कितीतरी मोकळे आहे. गौतम धर्मसूत्राच्या दुसऱ्या अध्यायाच्या आरंभी, उपनयनापूर्वी मुलाला वागण्याची, बोलण्याची आणि खाण्याची मोकळीक असल्याचे सांगितले आहे. भक्ष्याभक्ष्याचे, शिळ्याउष्ट्याचे, वेळांचे जे कडक नियम पुढे आयुष्यभर पाळायचे, ते या वयाला लागू नाहीत. ही सवलत मुख्यतः निषिद्ध अन्नाच्या नियमांपुरती होती आणि ती द्विज मानल्या गेलेल्या वर्णांतल्या मुलांना समोर ठेवून लिहिली गेली, हे विसरून चालणार नाही. पण तिच्यामागची दृष्टी व्यापक आहे. खाण्याविषयीचे दायित्व जाणतेपणाबरोबर येते. जाणतेपणाच्या आधी त्याबद्दल दोष नाही आणि पुण्यही नाही.

मग लहान मुलाच्या आवडीनिवडीला स्वभावदोष मानण्याची सवय आली कुठून? एक उगम असा दिसतो की माणसाला कोणते अन्न आवडते यावरून त्याची वृत्ती ओळखावी, हा विचार फार जुना आहे. गीतेच्या सतराव्या अध्यायात सात्त्विक, राजस आणि तामस लोकांना प्रिय असणाऱ्या आहारांचे वर्णन आहे. तिथे बोलणे प्रौढ साधकाविषयी चालले आहे, पण घरात तीच कसोटी तीन वर्षांच्या मुलाला लावली जाते आणि चिवडा मागणारे मूल हावरट, भाजी नाकारणारे मूल लाडावलेले ठरते. ख्रिस्ती परंपरेतही याला समांतर विचार आहे. तेराव्या शतकातल्या थॉमस अक्वायनसने खादाडपणाचे प्रकार सांगताना अती खाण्याबरोबरच, वेळेआधी खाणे, अधाशीपणे खाणे, महागडे मागणे आणि फार चोखंदळपणे मागणे हेही त्यात धरले. कमी खाणाराही या हिशेबात खादाड ठरू शकतो, कारण दोष प्रमाणात नसून जिभेच्या सत्तेत आहे. प्रौढाच्या आत्मपरीक्षणासाठी ही कसोटी सखोल आहे. ती मुलावर लावली की काय होते, हे अठराव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये दिसते.

मेथडिस्ट पंथाचा प्रवर्तक जॉन वेस्ली याची आई सुझाना हिने १७३२ मध्ये मुलाला लिहिलेल्या पत्रात आपली संगोपनाची पद्धत सांगितली आहे. मुलाचा हट्ट लवकर मोडावा, कारण आईबापांपुढे वाकायला शिकलेली इच्छाच पुढे ईश्वरापुढे वाकते, हे तिचे सूत्र होते. जेवणाच्या वेळा ठरलेल्या, मध्ये काही मिळायचे नाही आणि समोर येईल ते खायचे. या शिस्तीमुळे मुले आजारपणात कडू औषधही बिनतक्रार घेत, असे ती नोंदवते. सुझानाने बरीच मुले लहानपणीच गमावली होती आणि तिची कठोरता प्रेमशून्य म्हणता येणार नाही. परंतु तिच्या विचारात एक मोठे गृहीतक आहे. मुलाचा नकार म्हणजे इच्छाशक्तीचे बंड आहे असे ती धरून चालते. पोट भरल्याची जाणीव, तोंडात आलेल्या चिकट बुळबुळीत स्पर्शाची शिसारी, अनोळखी वासाची भीती या गोष्टी इच्छेच्या आधीच्या आहेत. भेंडी तोंडात येताच उबळ येणाऱ्या मुलाने कोणाविरुद्धही बंड पुकारलेले नसते. बंड नसलेल्या ठिकाणी बंड मोडू गेले की मुलाला आज्ञाधारकपणा शिकता येत नाही. स्वतःच्या शरीराकडून येणाऱ्या खुणा खोट्या आहेत, एवढेच ते शिकते.

नकार आणि अनादर वेगळे असू शकतात याचे फार सुंदर उदाहरण इस्लामी परंपरेत आहे. प्रेषित मुहंमदांनी कधी अन्नाला नावे ठेवली नाहीत, आवडले तर खाल्ले आणि नाही तर सोडून दिले, असे हदीसमध्ये नोंदले आहे. एकदा त्यांच्यासमोर दब्ब, म्हणजे वाळवंटातला घोरपडीसारखा प्राणी, भाजून आणला गेला. त्यांनी हात मागे घेतला. हे निषिद्ध आहे का, असे विचारल्यावर त्यांनी नाही म्हटले. आपल्या लोकांच्या प्रदेशात तो नसतो म्हणून आपल्याला त्याची किळस वाटते, एवढेच त्यांनी सांगितले. शेजारी बसलेल्या खालिद इब्न अल वलीद यांनी त्यांच्या देखत तो खाल्ला. बुखारींच्या संग्रहातला हा प्रसंग आहे. सवयीचे नाही म्हणून नको, हे कारण इथे पुरेसे मानले गेले आहे. त्याच वेळी पदार्थाची निंदा झाली नाही आणि दुसऱ्याच्या खाण्यावर बंदीही आली नाही. लहान मुलाला शिकवायचे असेल तर हे शिकवण्याजोगे आहे. 'नको' म्हणायला हरकत नाही, 'शी' म्हणू नये. या दोहोंतला फरक तीन-साडेतीन वर्षांच्या मुलालाही समजतो.

अन्नाचे पावित्र्य सांगणाऱ्या भारतीय परंपरेने भुकेचेही पावित्र्य सांगितले आहे आणि घरगुती संस्कारात ही दुसरी बाजू जवळजवळ विसरली गेली. देवीमाहात्म्यात ज्या रूपांनी देवी सर्व प्राण्यांत राहते त्यांत क्षुधा हे एक रूप आहे. गीतेच्या पंधराव्या अध्यायात भगवंत स्वतःला प्राण्यांच्या देहातला अन्न पचवणारा वैश्वानर अग्नी म्हणतात. छांदोग्य उपनिषदाच्या पाचव्या अध्यायात जेवण हेच अग्निहोत्र मानले आहे, पहिले घास प्राणांना दिलेल्या आहुती आहेत. त्या प्रकरणाच्या शेवटी उपमा येते ती भुकेल्या मुलांची. ती जशी आईभोवती बसतात तसे सारे प्राणी या अग्निहोत्राभोवती बसतात. तिथली मुले भुकेली आहेत आणि आपण होऊन आईजवळ आली आहेत. घास घेऊन मुलामागे धावणारी आई त्या चित्रात नाही. जेवणाला यज्ञ मानायचे तर अग्नी आधी प्रज्वलित असावा लागतो, आहुती नंतर. अन्न पवित्र म्हणून भूक नसताना ते भरवणे हे या विचाराच्या विरोधात जाते.

चरकसंहितेने हीच गोष्ट वैद्याच्या भाषेत मांडली. विमानस्थानाच्या पहिल्या अध्यायात आहाराचा परिणाम ठरवणारे आठ घटक दिले आहेत. पदार्थाचा स्वभाव, त्यावरचा संस्कार, संयोग, प्रमाण, देश, काल, खाण्याचे नियम आणि आठवा उपयोक्ता, म्हणजे खाणारा स्वतः. कशाची सवय जडली आहे आणि काय मानवते हे त्याच्यावर अवलंबून असते. नियमांमध्ये आधीचे पचल्यावर खावे, मन लावून खावे, बोलत-हसत खाऊ नये आणि स्वतःकडे पाहून खावे असे आहे. मोबाइलवरच्या गाण्याच्या नादात तोंड उघडणारे मूल या सगळ्या नियमांच्या बाहेर असते. पोट भरल्याचे त्याला कळत नाही, कारण कळण्याची जागाच दुसऱ्या कशाने भरलेली असते. आजच्या बालरोगतज्ज्ञांचा पडद्यासमोर भरवण्याला असलेला विरोध नेमका याच कारणासाठी आहे.

खाणाऱ्याला निर्णयात किती वाटा द्यावा, हा वाद युरोपात जॉन लॉक आणि रूसो यांच्या लेखनात रंगला. लॉकने १६९३ मध्ये शिक्षणाविषयी लिहिताना मुलाला साधे खाणे द्यावे, मधल्या वेळेला कोरडा पाव पुरे, पोटाचे लाड करू नयेत असे सुचवले. रूसोने १७६२ च्या 'एमिल'मध्ये मुलाची नैसर्गिक रुची निकोप असते, ती बिघडवतात मोठी माणसे, अशी बाजू घेतली. या वादाची एक कसोटी अमेरिकेत लागली. क्लारा डेव्हिस या बालरोगतज्ज्ञ डॉक्टरांनी १९२६ च्या सुमारास नुकत्याच अंगावरून सुटलेल्या मुलांना स्वतःचे जेवण स्वतः निवडू दिले. एकूण १५ मुले होती आणि काहींवर हा प्रयोग चार वर्षांहून अधिक चालला. सुमारे ३४ पदार्थांची यादी होती आणि त्यांतले निवडक पदार्थ प्रत्येक जेवणाला वेगवेगळ्या वाट्यांत ठेवले जात. चमचा घेऊन बसलेल्या परिचारिकेने काही सुचवायचे नाही, चेहऱ्यावर पसंती-नापसंती दाखवायची नाही, मुलाने बोट दाखवल्याशिवाय भरवायचे नाही, असे नियम होते. मुलांच्या निवडी विचित्र आणि एकमेकांपासून अगदी निराळ्या होत्या, तरी सगळी सुदृढ झाली. मुडदूस झालेल्या एका मुलासाठी माशाच्या यकृताचे तेल ठेवले होते. हाडे बरी होईपर्यंत त्याने ते अधूनमधून घेतले आणि मग सोडले.

या प्रयोगाचा आधार घेऊन 'मुलाला हवे ते खाऊ द्या' असे म्हणणाऱ्यांनी डेव्हिस यांचे १९३९ चे स्वतःचे विवेचन वाचायला हवे. सगळी युक्ती पदार्थांच्या यादीत आहे, असे त्यांनी प्रांजळपणे सांगितले होते. यादीत साखर नव्हती, मैद्याचे काही नव्हते, डबाबंद काही नव्हते. धान्ये, भाज्या, फळे, दूध, अंडी, मांस, मीठ एवढेच. मुलाच्या भुकेवर विश्वास ठेवता आला तो मोठ्यांनी निवडलेल्या चौकटीत. लॉक आणि रूसो दोघांचेही म्हणणे इथे आपापल्या जागी बसते. पुढे अमेरिकन आहारतज्ज्ञ एलिन सॅटर यांनी १९८० च्या दशकात याचीच विभागणी करून दिली. काय, कधी आणि कुठे हे मोठ्यांनी ठरवायचे, खायचे की नाही आणि किती हे मुलाने. आज बालरोगतज्ज्ञ देतात त्या सल्ल्याचा मोठा भाग या विभागणीवर उभा आहे. तिचे नैतिक मोल असे की ती मुलाला अर्धवट माणूस धरत नाही आणि घराचा मालकही करत नाही. ताटात ज्वारीची भाकरी, वरण, भाजी आणि त्यातले निदान एक मुलाच्या ओळखीचे असावे. नाकारले तर वेगळे नूडल्स शिजू नयेत. आणि पुढच्या जेवणापर्यंत कोणी त्या नकाराचा उल्लेखही करू नये. शेवटची अट पाळणे सर्वांत कठीण, विशेषतः आजी-आजोबा शेजारी बसलेले असताना.

जबरदस्ती साधन म्हणूनही कुचकामी आहे, हे मानसशास्त्रज्ञ लीअन बर्च आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात लहान मुलांना सूप संपवण्याचा आग्रह झाला, तेव्हा मुलांनी ते कमी खाल्ले आणि त्याबद्दल वाईट शेरे अधिक मारले. भाजी खाल्ली तर चॉकलेट, या सौद्याने भाजीची आवड घटते, हेही त्यांच्या आधीच्या कामातून पुढे आले होते. १९८२ च्या अभ्यासात दोन वर्षांच्या मुलांनी एखादा नवा पदार्थ जितक्या अधिक वेळा चाखला तितका तो त्यांना आवडू लागला, आणि त्यासाठी दहा-पंधरा वेळाही लागू शकतात. बहुतेक घरांत तिसऱ्या-चौथ्या नकारानंतर 'याला हे आवडत नाही' असा शिक्का बसतो आणि पदार्थ ताटातून कायमचा जातो. खरी शिस्त लागते ती मोठ्यांना. अपेक्षा न ठेवता पुन्हा पुन्हा वाढत राहण्याची ही शिस्त आहे, आणि फळाची आस न धरता कर्म करण्याचा धडा गिरवायला याहून कसोटीची जागा संसारात क्वचित असेल.

मुलाच्या नकाराचा आदर करण्याला एक कठोर मर्यादा आहे. प्रत्येक नकार भुकेचा आवाज नसतो, कधी भूकच नष्ट झालेली असते. तीव्र कुपोषण झालेल्या मुलाची अन्नावरची वासना जाते. म्हणूनच अशा मुलावर घरी उपचार करता येतील की रुग्णालयात न्यावे लागेल, हे ठरवताना आरोग्य कर्मचारी त्याला पोषक आहार चाखवून भुकेची चाचणी घेतात. खात नसेल तर धोका मोठा. मेळघाटात किंवा गडचिरोलीत दोन वर्षांच्या खंगलेल्या मुलाने तोंड फिरवले तर त्यात स्वातंत्र्य शोधणे हा निर्दयपणा आहे. तिथे नकार हे आजाराचे लक्षण आहे आणि त्यावर उपचार करणे हेच त्या मुलाच्या इच्छेचा मान राखणे आहे.

सुस्थितीतल्या घरांतही काही मुलांचा नकार नखऱ्यांच्या पलीकडचा असतो. अमेरिकन मानसोपचार संघटनेने २०१३ च्या नियमावलीत अशा स्थितीला स्वतंत्र निदान दिले. वजन घटणे किंवा वाढ थांबणे, पोषणद्रव्यांची मोठी कमतरता, नळीने किंवा पूरक आहाराने पोषण द्यावे लागणे, रोजच्या जगण्यात अडथळा येणे, या तिच्या खुणा आहेत. स्वमग्न मुलांमध्ये अशी तीव्र निवड अधिक आढळते, कारण स्पर्श, वास आणि आवाज त्यांना इतरांपेक्षा फार जोरात जाणवतात. गिळताना ठसका लागणे, वारंवार उलटी, आलेख खाली उतरणे किंवा खाण्याच्या पदार्थांची यादी महिन्यागणिक आक्रसणे, असे दिसले तर 'खाईल हळूहळू' म्हणून थांबू नये. या निदानातली एक अट तात्त्विकदृष्ट्याही महत्त्वाची आहे. अन्न उपलब्ध नसल्यामुळे किंवा धार्मिक उपवासासारख्या समाजमान्य प्रथेमुळे खाणे कमी झाले असेल तर हे निदान करता येत नाही. किती खाल्ले नाही याबरोबर का खाल्ले नाही हेही वैद्यकाला विचारावे लागते.

हे 'का' मुलाला स्वतःला सांगता येऊ लागते, तिथून नकाराचे स्वरूप बदलते. हार्वर्ड विद्यापीठात केरन हसर आणि पॉल हॅरिस यांनी २०१० मध्ये सहा ते दहा वर्षांच्या, मांसाहारी घरांत राहून स्वतःहून मांस सोडलेल्या मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. चव किंवा आरोग्य यांपेक्षा प्राण्यांना होणारी इजा हे कारण ही मुले देत होती. मासळीवर वाढलेल्या मालवणातल्या किंवा गोव्यातल्या घरात आठ वर्षांच्या मुलीने बाजारात तडफडणारा मासा पाहून मासे सोडले, तर तिच्या आईवडिलांपुढचा प्रश्न दोन वर्षांच्या मुलाने थुंकलेल्या घासाचा राहत नाही. तिच्याशी वाद घालता येतो, तिला आपली बाजू सांगता येते, तिच्याकडून सातत्याची अपेक्षा करता येते आणि तिने दुसऱ्याच्या पानाला नावे ठेवू नयेत असे बजावताही येते. डाळी, उसळी, दूध, अंडी यांतून तिला प्रथिने मिळतात ना हे घराने पाहायचे असते. लोह आणि बी-१२ जीवनसत्त्व पुरेसे आहे ना, हे डॉक्टरांनी.